पडलेल्या गाडीचा सायलेन्सर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस सुरू झाला की घाटात घसरलेल्या गाड्यांची पत्रं वाढतात. यंदा त्यातले बरेचसे प्रश्न सायलेन्सरचे आहेत, म्हणून ते एकत्रच घेतले आहेत.

माझी १६० सीसीची बीएस-६ गाडी ओल्या रस्त्यावर उजव्या कुशीवर पडली. सायलेन्सर मागच्या बाजूला चेपला, फुटरेस्ट आत वळलं. गॅरेजवाला म्हणतो ठोकून देतो, सर्व्हिस सेंटर म्हणतं अख्खी असेंब्ली बदला. कोणाचं ऐकू? (वाचक, सातारा)

आधी स्वतः गाडीशेजारी बसा. चेपलेला डबा डोळ्यांत भरतो, पण निर्णय डब्यावरून करायचा नसतो. सायलेन्सर पुढे इंजिनच्या हेडवर दोन स्टडनी (आट्यांच्या दांड्यांनी) धरलेला असतो आणि मागे फुटरेस्टच्या ब्रॅकेटवर रबर बुशमधून एका बोल्टने; काही गाड्यांत मधेही एक जागा असते. गाडी कुशीवर पडते तेव्हा मागे बसलेला धक्का त्या लांब पाइपमधून पुढे जातो आणि सगळा ताण ६ किंवा ८ मिमीच्या त्या दोन स्टडवर येतो. तेव्हा तपासणी पुढून सुरू करायची.

इंजिन गार असताना हेडजवळची फ्लँज (पाइपच्या तोंडाची सपाट कडी) बघा. दोन्ही नटांच्या बाजूला फट सारखी हवी. एका बाजूला कोरड्या काजळीची रेघ दिसली तर तिथून वायू निसटतोय. मग मागचा बोल्ट काढा. सायलेन्सर जागच्या जागी लोंबत राहिला तर उत्तम. बोल्ट निघताक्षणी तो बोटभर बाजूला उडाला, तर पाइप तरी वाकलाय किंवा ब्रॅकेट तरी. तुमचं फुटरेस्ट वळलं आहे म्हणजे संशय ब्रॅकेटवर आधी. त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी करून मागच्या चाकाच्या रिमपासून ब्रॅकेटच्या भोकापर्यंतचं अंतर मोजा. पाच मिनिटांत कळतं. हे न बघता वाकड्या ब्रॅकेटवर नवा सायलेन्सर ओढून बसवला, तर तो काही महिन्यांत वेल्डिंगपाशी तडकतो किंवा स्टड तोडतो, आणि दोष बिचाऱ्या नव्या मालाला लागतो.

नंतर रबरी हातोडीने किंवा तळहाताने डब्यावर आणि बेंड पाइपवर (इंजिनपासून डब्यापर्यंतच्या वळलेल्या नळीवर) थापा मारा. आत खुळखुळ वाजलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाची) जाळी किंवा आतला पडदा सुटलाय. सुटलेला तुकडा वाट अडवतो, गाडी वरच्या आरपीएमला गुदमरते. असा सायलेन्सर ठोकून सुधारत नाही.

गळती तपासायला गार इंजिन चालू करा, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने मागचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा. इंजिन बसायला लागलं तर सांधे बरे आहेत. कुठे फुसफुस ऐकू आली तर तिथे साबणाचं पाणी मारून जागा नक्की करा. डब्याच्या तळाशी पाणी निघण्यासाठी बारीक भोक असतं, तिथून थोडी हवा येणारच; अनेकजण तेच वेल्ड करून बुजवतात आणि मग डबा आतून सडतो.

आता पोच्याबद्दल. डब्याच्या बाहेरच्या पत्र्याला पोचा पडला असेल तर तो बहुतेक वेळा नुसता दिसायला वाईट, कारण वायू आतल्या नळ्या आणि कप्प्यांतून जातो. बेंड पाइपचं तसं नाही, तिथे एकच नळी असते. ३० मिमीच्या नळीत चार-पाच मिमीचा पोचा खपून जातो. तिसरा हिस्सा दबला असेल तर बदला.

थोडक्यात तुमच्यापुरतं: फ्लँज सरळ, आत आवाज नाही, गळती नाही, तर ब्रॅकेट सरळ करून घ्या, नवीन गॅस्केट टाका आणि पोच्यासकट गाडी चालवा. गॅसची ज्योत लावून डबा ठोकायला देऊ नका. त्याने काळा थर आणि क्रोम जळतो, वर कॅटॅलिटिकच्या जाळीचं काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. फ्लँज पिळली असेल किंवा डबा खुळखुळत असेल तर सर्व्हिस सेंटर बरोबर आहे.

समोरून ठोकलेल्यांनी एक लक्षात घ्या. शॉकअप मागे वाकले की चाक किंवा मडगार्ड बेंड पाइपवर दाबतं. आधी शॉकअप, टी (शॉकअप धरणारा जोड) आणि चेसिस सरळ होऊ द्या, मगच पाइप घ्या. नाहीतर पहिल्याच मोठ्या स्पीडब्रेकरवर चाक नव्या पाइपला लागेल.

बाजारात माझ्या गाडीचा ‘सेम टु सेम’ सायलेन्सर कंपनीच्या किमतीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय. शिवाय मित्र म्हणतो, त्यापेक्षा स्लिप-ऑन टाक, आवाजही येईल. गाडी २०२१ची आहे. (वाचक, नागपूर)

२०२१ची म्हणजे बीएस-६. भारतात १ एप्रिल २०२०पासून हे प्रदूषणाचं मानक लागू आहे, आणि त्या गाड्यांत सायलेन्सर हा इंधनाच्या हिशेबाचाच एक भाग झाला आहे. बहुतेक गाड्यांत बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर बसतो. साधा सेन्सर मिश्रण जाड असेल तर ०.९ व्होल्टकडे आणि पातळ असेल तर ०.१ व्होल्टकडे झुकतो, त्यावरून ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल कमी-जास्त करतो. स्वस्त नकलेत तीन गोष्टी हमखास चुकतात. सेन्सरची बैठक काही मिलीमीटर पुढे-मागे किंवा तिरकी असते, त्यामुळे वायर ताणते किंवा सेन्सरचं टोक नळीच्या कडेला राहतं. फ्लँज पातळ पत्र्याची असते, तापली की वाकते. तिसरी गोष्ट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतोच.

यातली फ्लँजची गळती सगळ्यांत फसवी. सेन्सरच्या आधी गळती असेल तर एक्झॉस्टच्या लाटांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो. अॅव्हरेज पडतं, प्लग काळा होतो आणि मेकॅनिक इंजेक्टर साफ करत बसतो.

नक्कल घ्यायचीच असेल तर दुकानात जुना सायलेन्सर घेऊन जा. तोंडाकडून टॉर्च मारा, सेन्सरच्या बैठकीतून आत डोकवा: कॅटॅलिटिकची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी. काही गाड्यांत ती बेंड पाइपमध्ये असते, काहींत डब्यात, म्हणून जुन्याशी जागा ताडून बघा. दोन्ही तराजूवर टाका. नवा बराच हलका भरला तर आत काय नाही ते समजून घ्या. पार्ट नंबर मॉडेलच्या वर्षाशी जुळवा. एकाच नावाच्या बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे सायलेन्सर बाहेरून जुळे दिसतात, पण सेन्सर आणि कॅटॅलिटिकची जागा बदललेली असू शकते.

स्लिप-ऑनमध्ये फक्त मागचा डबा बदलतो. तुमच्या गाडीत कॅटॅलिटिक बेंड पाइपमध्ये असेल तर तो राहतो. डब्यात असेल तर डब्याबरोबर गेला. आवाजाचं म्हणाल तर कारखान्यातून निघताना ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबल आणि १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि हे मोजमाप जाणाऱ्या गाडीपासून साडेसात मीटरवर घेतात. पोकळ डबे याच्या कितीतरी वर जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. पुण्या-नागपुरात जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. विक्रेता डब्यावरचा ‘ई’ शिक्का दाखवेल. तो युरोपातल्या मान्यतेचा. आपल्याकडे गाड्यांची मान्यता पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा संस्थांच्या चाचणीवर मिळते, आणि ती अख्ख्या गाडीला, मूळ सायलेन्सरसकट दिलेली असते.

आमचं मत विचाराल तर रोज ऑफिसला जाणाऱ्या बीएस-६ गाडीला कंपनीचाच भाग टाका. बीएस-३ आणि त्याआधीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना चांगल्या ब्रँडचा बाजारातला सायलेन्सर चालतो. तिथे फ्लँजची जाडी आणि ब्रॅकेटचं वेल्डिंग बघितलं की पुरतं.

नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात सेकंडहँड ओरिजिनल मिळाला तर? (वाचक, पिंपरी)

चांगला पर्याय आहे, पण बिलाशिवाय घेऊ नका. कॅटॅलिटिकमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं आणि त्यापायी गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात. व्हॅनचे सायलेन्सर पळवणाऱ्या टोळ्या पुण्या-मुंबईत अनेकदा पकडल्या गेल्या आहेत. त्याच कारणाने जुन्या डब्याच्या पोटावर नव्या वेल्डिंगची रेघ दिसली की तो ठेवून द्या: पोट फाडून जाळी काढली आणि परत शिवलं. फ्लँज काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का बघा, तळाच्या भोकाभोवती स्क्रू ड्रायव्हरने टोचून पत्रा मऊ पडलाय का बघा, आणि सेन्सरच्या बैठकीत बोल्ट हाताने फिरवून आटे शाबूत आहेत का ते बघा. तिन्ही पास झालं तर डब्यावरच्या ओरखड्यांसाठी भाव पाडा.

नवीन सायलेन्सर घरीच बसवायचा आहे. जुना काढताना एक स्टड हेडच्या तोंडाशीच तुटला. (वाचक, रत्नागिरी)

खाऱ्या हवेत हे व्हायचंच. पुढच्या वेळी काढायच्या आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी परत मारा, मग इंजिन दोन-तीन मिनिटं कोमट करा आणि सहा कोनांचा बॉक्स पाना लावा. नट थोडा सैल, थोडा घट्ट, परत सैल असा हलवत काढा. एकदम जोर लावला की ६ मिमीचा स्टड पिळून तुटतो.

आता तुटलेल्याचं. पाच-सहा मिमी बाहेर राहिला असेल तर हेडच्या त्या भागाला हॉट एअर गनने तापवा. स्टड तापवायचा नाही, अॅल्युमिनियम तापवायचं, कारण ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सोडतं. मग स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला उलटा पाना लावा. दोन नट बसण्याइतका स्टड नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून त्यावर एक नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या झटक्याच्या उष्णतेनेच गंज सुटतो, बऱ्याचदा स्टड हातासरशी निघतो. गाडीवरच वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरी सोडवा आणि ईसीयूचा जोड काढा.

तुमचा स्टड अगदी पृष्ठभागाशी तुटला असेल तर आम्ही सांगू की हेड लेथवाल्याकडे न्या. घरी ड्रिल करताना बिट कठीण स्टडवरून मऊ अॅल्युमिनियममध्ये घसरतं आणि भोक तिरकं होतं. स्क्रू एक्स्ट्रॅक्टर तर आणखी धोक्याचा, तो आत तुटला की साध्या बिटने कापत नाही. लेथवाला बरोबर मधे पंच मारून ५ मिमीचं भोक पाडेल आणि मूळ आटे वाचवेल. ते गेले असतील तर ६.३ मिमीचं भोक करून ६ मिमीची हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवेल. हेलिकॉइलला कमीपणा मानू नका, अॅल्युमिनियमच्या नुसत्या आट्यांपेक्षा ती चिवट असते. नव्या स्टडला साधं थ्रेडलॉक (आटे चिकटवणारा द्रव) लावू नका, इथल्या तापमानात ते जळून जातं.

बसवण्यासाठी आणायचं सामान: एक एक्झॉस्ट गॅस्केट, दोन स्टड, दोन नट, बेंड आणि डबा वेगळे असतील तर मधलं पॅकिंग आणि क्लॅम्प, मागचं रबर बुश आणि त्यातली लोखंडी नळी. गॅस्केट जुनं परत वापरायचं नाही, ते एकदाच दबण्यासाठी बनवलेलं असतं. जुनं गॅस्केट पोर्टमध्ये काळं पडून चिकटून राहतं आणि धातूचाच भाग वाटतं. आकड्याने कडा उचकटून ते निघालंय याची खात्री करा. त्याच्यावर दुसरं टाकलं तर फ्लँज तिरकी बसते आणि आठवड्यात फटफट सुरू होते.

नवं गॅस्केट पोर्टमध्ये चार ठिपके ग्रीस लावून चिकटवा म्हणजे पाइप उचलताना पडणार नाही. सेन्सर आधीच नव्या पाइपवर घट्ट करून घ्या. त्याच्या आट्यांना कॉपर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) पुसटसं चालेल, टोकाला लागता कामा नये. १८ मिमी आट्यांच्या सेन्सरला साधारण ४० न्यूटन-मीटर पुरतात, लहान आट्यांच्या सेन्सरला त्याहून बरेच कमी.

मग पाइप उचला आणि सगळे नटबोल्ट नुसते हाताने चढवा. मागचा बोल्ट भोकात सहज गेला पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर घालून ओढावं लागलं तर थांबा आणि वर साताऱ्याच्या वाचकाला सांगितलेली मापं घ्या. आवळायचं पुढून मागे: आधी फ्लँजचे दोन नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा, मग क्लॅम्प, शेवटी मागचा बोल्ट. मागचा आधी आवळला तर पाइप तिथे खिळतो आणि फ्लँज सपाट बसूच शकत नाही. ६ मिमीच्या नटाला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, ८ मिमीला २०च्या आसपास. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क पाना भाड्याने मिळतो, तो आणाच. गॅस्केट दबतं, म्हणून ५०-१०० किलोमीटर झाल्यावर गार इंजिनावर नट परत तपासायचे.

चालू करण्याआधी पाइप फडक्याने आणि थोड्या थिनरने पुसून पूर्ण वाळू द्या. बोटांचे ठसे तापल्यावर क्रोमवर भाजले जातात, मग निघत नाहीत. पहिली दहा मिनिटं धूर आणि वास येईल, तो कारखान्यातल्या तेलाचा.

इन्शुरन्समधून करून घ्यावं का? गाडी सव्वातीन वर्षांची, साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी. (वाचक, ठाणे)

हिशेब करून ठरवा. झीरो डेप (घसारा न कापण्याची सोय) नसेल तर तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापतात, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के. समजा सायलेन्सर ८,००० रुपयांचा आहे: २,००० तुमचे, वर दुचाकीची सक्तीची वजावट १०० रुपये. हाती ५,९०० येतील. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तो २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जातो, तेव्हा पुढच्या दोन-तीन हप्त्यांत किती जास्त भरावं लागेल ते ५,९०० मधून वजा करून बघा. एकटा सायलेन्सर असेल तर दुचाकीच्या छोट्या प्रीमियममुळे क्लेम बहुधा परवडतो. नुसतं हीट शील्ड किंवा फुटरेस्ट असेल तर खिशातून करा. सर्व्हेअर येऊन फोटो काढेपर्यंत काही उघडू नका. गाडीवर बाहेरचा स्लिप-ऑन होता आणि तो पॉलिसीत नोंदवलेला नव्हता, तर त्याचे पैसे मागू नका, उलट प्रश्न निघतील.

समुद्राकाठी राहतो. जुना सायलेन्सर पडल्यावर फुटला तो गंजामुळेच. नवा कोणत्या धातूचा घ्यावा? (वाचक, म्हापसा)

जेवढं स्टेनलेस मिळेल तेवढं. लोहचुंबक घेऊन जा, पण त्याच्यावरून घाईने निकाल देऊ नका: सायलेन्सरसाठी खूप वापरलं जाणारं ४०९ ग्रेडचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, वरून तपकिरीही होतं, तरी लवकर भोक पडत नाही. ३०४ जवळजवळ चिकटत नाही आणि चकाकी टिकवतं. क्रोम चढवलेलं साधं लोखंड तुमच्याकडे सगळ्यांत आधी जाईल, आणि जाईल आतून. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की ते डब्यात साचतं. आठवड्यातून एकदा सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवा आणि तळाचं भोक तारेने मोकळं ठेवा. तडा जोडायचा असेल तर आर्गॉन वेल्डिंगच करा. साध्या लोखंडाला स्टेनलेस जोडताना ३०९एल रॉड मागा, नाहीतर सांध्यावरच गंज धरतो.

आरएक्स१०० आहे. पडून सायलेन्सर मधोमध वाकला. बाजारात बरेच प्रकार आहेत, आरएक्स१३५चाही बसतो म्हणतात. (वाचक, कोल्हापूर)

बसतो म्हणजे बोल्ट लागतात. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचं काम आवाज दाबण्यापुरतं नसतं. आतल्या शंकूंवरून परत फिरणारी लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते, आणि ती योग्य क्षणी पोचेल की नाही हे शंकूंची लांबी ठरवते. आरएक्स१००ची ९८ सीसीतली ताकद ७,५०० आरपीएमच्या आसपास येते, ती या लांबीवर. दुसऱ्या मॉडेलचा पाइप लावला की ताकदीची जागा सरकते, मग जेटिंग (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची भोकं) बदलत बसावं लागतं.

तुमच्याकडे मूळ पाइप असेल तर तो टाकू नका. नव्या नकलेपेक्षा वाकलेला ओरिजिनल सुधारणं जास्त फायद्याचं. जाणकार कारागीर वाक आलेल्या जागी पाइप कापून, सरळ करून, लांबी न बदलता आर्गॉनने जोडतो. कापण्याआधी फ्लँजपासून शेपटीपर्यंत चार ठिकाणचे व्यास आणि अंतरं कागदावर उतरवून घ्या आणि जोडल्यावर तीच मापं परत मागा. क्रोम पुन्हा करायचं असेल तर वेल्डिंगनंतर.

वेल्डिंगला देण्याआधी शेपटीतला बॅफल (आवाज दाबणारी आतली नळी) काढा. तो एका स्क्रूवर असतो, कोल्हापुरात जाळी म्हणतात. त्यावरचं कार्बन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून सुटतं. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि अॅल्युमिनियमचं भांडं किंवा कुठलाही अॅल्युमिनियमचा भाग त्यात जाऊ देऊ नका, तो खाल्ला जातो. तेलाने भिजलेला पाइप तसाच वेल्डिंगला दिला तर आतलं तेल पेट घेतं आणि सांध्यात भोकं राहतात. बॅफल परत बसवताना स्क्रूला स्प्रिंग वॉशर लावा. तो गळून बॅफल रस्त्यावर पडलेल्या आरएक्स काही कमी नाहीत, आणि बॅफलविना गाडी ओढ हरवते, नुसती ओरडते.